उलट्या आट्यांचा स्क्रू

आमच्या तांडापेठेत रीळ म्हणजे दोऱ्याचं.
आजा मागावर बसला, बाप कांड्या भरत राहिला,
मी शिलाई मशीन दुरुस्त करतो.
म्हणून रामटेके सिस्टर दारातूनच म्हणाल्या,
"रीळ दाखवायचं होतं जी,"
तेव्हा मी सवयीनं विचारलं, "रंग कोणता?"

पिशवीतून निघालं ते काळं, मुठीएवढं,
पोटात कन्हानची वाळू.
"फिरवलं की करकरते."
पेशंटच्या गुडघ्याबद्दल सांगावं तसं म्हणाल्या.

झाकण उघडलं.
पितळी दातांत ग्रीस
वाळू खाऊन खाऊन तिळाच्या चटणीसारखं.
"नळाखाली धरलं होतं काय?"
"धरलं होतं."
मान खाली.
डागा दवाखान्यात चौतीस वर्षं
ज्यांनी दुसऱ्यांच्या माना खाली घालायला लावल्या, त्यांची.

मग हात चालले आणि तोंडही.
धारेखाली नका धरू, वाळू आतच शिरते,
ओल्या फडक्यानं पुसा, बस.
दाताला ग्रीस, बेअरिंगला तेल,
आणि तेल म्हणजे एक थेंब,
दुसऱ्या थेंबाला धूळ येऊन बसते.
घरी आलं की ड्रॅग सैल सोडा,
आतल्या नमद्याच्या चकत्या दबून मरतात.
यातलं अर्धं मशीनचं ज्ञान.
अर्धं समोर उघडं पडलेलं बघून बोललो.

काठ्या दोन आणल्या होत्या.
त्यांनी पर्समधून कापूस काढला,
एकेका कडीतून फिरवत नेला.
पाचव्या कडीत एक तंतू अडकला.
"इथं चीर आहे. दिसत नाही.
पण दोरी इथंच तुटेल."
मी सुईचं नेढं
वीस वर्षं भिंगाखाली तपासत आलो.
कापूस दुकानात पोत्यानं पडलेला.

कोणती ठेवू, विचारत होत्या.
कार्बनची हलकी, पण दगडावर आपटली की
तडा आतल्या आत.
फायबरची जड, आडदांड, शेंडा मऊ,
रोहूला चालते, मरळीला नाही.
उजव्या हातात धरून पाहिली.
मूठ जेमतेम हलली,
शेंडा मात्र पार छताच्या पंख्याखाली
थरथरत राहिला.
काठी चहाडखोर असते.

"मागच्या पोळ्याला झटका येऊन गेला,"
त्या पंख्याकडे बघून म्हणाल्या.
"बोटं ऐकत नाहीत. दंड ऐकतो.
हँडल डावीकडे होईल?"

मला माहीत नव्हतं.
मशीनचं चाक जन्मभर उजवीकडेच असते.
रीळ उलटंपालटं केलं.
डाव्या अंगाला एक टोपण, चिंचोक्याएवढं,
मी ते शोभेचं समजलो होतो.
पान्ह्यानं जोर लावला, हलेना.
अजून लावला.
मग लक्षात आलं, आटे उलटे आहेत,
आवळतोय मीच.
उलटा फिरवला, अलगद आला.
आत भोक. कोरं.
ना वाळू, ना ग्रीस, कुणाचं बोट न लागलेलं.

फायबरचीच ठेवली त्यांनी.
तिचं बूड लांब, काखेत दाबून धरता येतं.
"वजन द्या काही, टाकून बघते."
शिसं कुठून आणू?
एक जुना लोखंडी बॉबिन बांधून दिला.
गाठ त्यांनी डाव्या हातानं आणि दातानं आवळली,
तीन वेढे, थुंकी, ओढ.

गल्लीत उभ्या राहिल्या.
दुपारचे अडीच, ऊन असं की
कुत्रीही नालीत बसलेली.
बॉबिन उडाला, विजेच्या तारांखालून,
नंदनवारांच्या ओट्यापाशी टणकन पडला.
त्यांचा पोट्टा धावत आला, उचलला,
दोन्ही हातांनी धरून पाय रोवले.
"ओढा ना बे, मावशी!"

सिस्टर ओढू लागल्या.
डावा हात अडाणी, अडखळत,
दोन फेरे, थांबा, एक फेरा.
फायबर वाकली. पोट्टा घसरत आला.
रिळातून आवाज नव्हता,
फक्त त्याच्या चपला रस्त्यावर.

मी हिशेब करत उभा.
"बॉबिनचे वेगळे धरा," त्या म्हणाल्या,
मागं न बघता.